डंपमधील लोह आणि भट्टीचा हिशेब : डिचोली तालुक्यातील एक प्रकरण

उत्तर गोव्यात डिचोलीहून सत्तरीकडे जाताना पाळी, वेळगे, पिसुर्ले या गावांच्या आसपास जे टेकाडवजा उंचवटे दिसतात, त्यांतील पुष्कळसे नैसर्गिक नाहीत. खाणीतून काढलेला आणि त्या काळी विकण्याजोगा न ठरलेला माल रचून ते तयार झाले आहेत. स्थानिक बोलण्यात त्यांना ‘डंप’ म्हणतात. अनेकांवर पुढे ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड झाली, काहींवर काजू रुजले, आणि नवख्या माणसाला तो डोंगरच वाटावा इतके ते परिसरात मिसळून गेले. या डंपांमध्ये लोह आहे, ते वाया जात आहे, म्हणून ते उचलून वापरात आणावे, अशी मागणी गोव्यात वारंवार होते. उलट बाजूने, डंपला हात लावला की पावसाळ्यात गाळ शेतात आणि नदीत उतरेल, अशी भीतीही तितक्याच वेळा व्यक्त होते. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रातिनिधिक डंपचे प्रकरण धातुशास्त्राच्या अंगाने तपासले आहे. त्यासाठी घेतलेली रासायनिक टक्केवारी हिशेब समजावा म्हणून निवडलेली आहे. ती या पट्ट्यातील हलक्या मालाशी मिळतीजुळती असली तरी कोणत्याही विशिष्ट खाणीची नाही.

प्रथम हा माल आला कोठून, ते पाहू. गोव्यातील लोहखनिज धारवाड संघातील अतिप्राचीन पट्टित खडकांमध्ये आढळते. मूळ खडकात हेमॅटाइट (लोहाचे ऑक्साइड) आणि गारगोटी, म्हणजे सिलिका, यांचे एकाआड एक थर असतात. दीर्घकाळच्या उष्ण व दमट हवामानात या खडकातील सिलिका हळूहळू विरघळून गेली आणि लोहाचे प्रमाण वाढत गेले. या क्रियेला विदारणजन्य समृद्धीकरण म्हणता येईल. गोव्याला खनिज मिळाले ते याच क्रियेमुळे, आणि त्या खनिजातील सर्वांत मोठी अडचणही याच क्रियेने निर्माण केली. सिलिका निघून गेली, परंतु अ‍ॅल्युमिनियम असलेली द्रव्ये सहज विरघळत नसल्याने मागे राहिली, तर काही हेमॅटाइटचे पाण्याशी संयोग पावून गोएथाइटमध्ये रूपांतर झाले. वरचा जांभा, त्याखालील चिकणमाती, मधूनमधून लिमोनाइटचे पिवळट पट्टे आणि भुकटीसारखे मऊ खनिज अशी सरमिसळ गोव्याच्या खाणींत सर्वत्र आढळते. येथील उत्पादनात चुऱ्याचे प्रमाण फार मोठे आणि ढेकळांचे कमी असते, त्याचे कारणही हेच.

निर्यात सुरू झाली तेव्हा खरेदीदार होते ते मुख्यत्वे जपानचे पोलाद कारखाने. त्यांना चांगल्या प्रतीचा माल हवा असे. त्यामुळे जे खनिज प्रयोगशाळेतील डायक्रोमेट अनुमापनात, म्हणजे लोह मोजण्याच्या चाचणीत, ठरलेल्या टक्केवारीखाली उतरे, ते ट्रकमधून थेट डंपवर जाई. एक टन विक्रीयोग्य खनिजामागे अडीच ते तीन टन माती आणि खडक काढावा लागतो, असे गोव्याच्या खाणकामाबाबत सर्वसाधारणपणे सांगितले जाते. या प्रचंड राशीत निव्वळ माती जशी आहे, तसे ४५ ते ५५ टक्के लोह असलेले खनिजही आहे, आणि दोन्ही एकाच उतारावर एकावर एक ओतलेले आहेत. डंप रचताना पुढच्या पिढीचा विचार कोणी केला नव्हता, हे तक्रारीच्या सुरात सांगण्याचे कारण नाही, कारण त्या काळी तो विचार करण्यासारखी भट्टीच उपलब्ध नव्हती. येथेच पाळी गावात १९६०च्या दशकात चुऱ्याच्या गोळ्या बनवणारा, म्हणजे पेलेटचा कारखाना उभा राहिला. देशातील तो या प्रकारचा पहिला प्रयत्न होता, आणि बारीक मालाचे करायचे काय, हा प्रश्न गोव्याला किती लवकर पडला होता, हे त्यावरून दिसते.

परिस्थिती पालटली ती २००३ नंतर, चीनच्या पोलाद उद्योगाच्या वाढीमुळे. चिनी कारखाने ब्राझील व ऑस्ट्रेलिया येथील चांगला चुरा आणि स्वस्त हलका चुरा यांचे मिश्रण सिंटर यंत्रावर, म्हणजे चुरा भाजून त्याची ढेकळे करणाऱ्या यंत्रावर, टाकत. या मिश्रणात गोव्याच्या ५५ ते ५८ टक्के लोहाच्या मालालाही जागा मिळाली. खाणीपासून जेटी काही किलोमीटरवर, पुढे मांडवी किंवा झुआरीतून बार्जने मुरगाव बंदर, अशी स्वस्त वाहतूक असल्याने हलका मालही परवडू लागला. २०१०-११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली (त्यात शेजारच्या कर्नाटकातून आलेला मालही होता). याच काळात भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाइट खनिजासाठी किमान लोहाची मर्यादा ४५ टक्के ठरवली. पूर्वी व्यवहारात ती ५५ टक्क्यांच्या आसपास धरली जात असे. काल टाकाऊ असलेला मोठा साठा त्यामुळे कागदोपत्री खनिज ठरला. मग जुने डंप उपसले जाऊ लागले.

त्यानंतरचा घटनाक्रम गोव्यात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो थोडक्यात सांगतो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत खाणकामाची वाट मोकळी केली, परंतु लीज (खाणपट्टा) क्षेत्राबाहेर माल टाकणे कायद्यात बसत नाही, हेही स्पष्ट केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ पासून लिलावाने नवे खनिज गट दिले जाऊ लागले, ते डिचोलीपासूनच. निर्यात कराची रेषा ५८ टक्के लोहावर आखलेली आहे. त्याखालील माल २०१६ पासून करमुक्त आहे, अपवाद फक्त मे ते नोव्हेंबर २०२२ या सहा महिन्यांचा, जेव्हा त्यावरही ५० टक्के कर बसवला गेला होता.

या साऱ्या वादात, न्यायालयात, विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत, डंपचे मूल्य एकाच आकड्याने मोजले गेले : लोहाची टक्केवारी. माझ्या मते प्रकरणाची खरी गुंतागुंत त्या आकड्यात नाही, ती अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या, आकड्यात आहे. ते पटण्यासाठी डंपमधील माल भट्टीपर्यंत नेऊन पाहावा लागेल.

समजा, आपल्या डंपमधील मालात ४८ टक्के लोह, १३ टक्के सिलिका आणि ८ टक्के अ‍ॅल्युमिना आहे. उरलेल्यात लोहाशी संयोग पावलेला ऑक्सिजन आणि खनिजात रासायनिक रीतीने बांधलेले पाणी येते. हा माल असाच भट्टीत टाकता येत नाही. त्याचे आधी संहतीकरण करावे लागते, म्हणजे मृदा अशुद्धी वेगळी करावी लागते. माल चाळणीवर चाळतात, मोठे तुकडे फोडतात, आणि मग लॉग वॉशर नावाच्या यंत्रात पाण्याबरोबर घुसळतात. त्यात दोन लाकडी ओंडक्यांसारखे आडवे दांडे उलट दिशांनी फिरत असतात आणि त्यांवरील पाती ढेकळांना चिकटलेली माती खरवडून काढतात. बारीक भाग पुढे हायड्रोसायक्लोनमध्ये जातो. तेथे फिरत्या प्रवाहात जड कण भिंतीकडे ढकलले जाऊन खाली उतरतात आणि हलकी चिकणमाती वरून पाण्याबरोबर बाहेर पडते. आणखी बारीक कणांसाठी मळसूत्री स्पायरल किंवा तीव्र चुंबकीय विलगक वापरतात. हेमॅटाइट मॅग्नेटाइटइतके चुंबकाला चिकटत नाही, म्हणून साधा चुंबक येथे चालत नाही, फार तीव्र क्षेत्र लागते.

या प्रक्रियेतून १०० टन डंपमालातून ५५ टन संहत खनिज मिळाले आणि त्यात ५७ टक्के लोह, ६ टक्के सिलिका व ५ टक्के अ‍ॅल्युमिना आहे, असे मानू. हिशेब केला की उरलेल्या ४५ टनांत सुमारे ३७ टक्के लोह शिल्लक राहते. म्हणजे मूळ लोहापैकी जेमतेम ६५ टक्के हाती आले आणि बाकीचे गाळात गेले. गाळात ३७ टक्के लोह ऐकून हळहळ वाटणे साहजिक आहे, पण ते लोह इतक्या बारीक कणांत आणि मातीशी इतके एकजीव होऊन बसलेले असते की ते सोडवण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. अ‍ॅल्युमिनाचे मात्र दोन प्रकार आहेत, आणि प्रकरणाचा निकाल त्यांच्यावर ठरतो. केओलिनाइटसारख्या चिकणमातीतील अ‍ॅल्युमिना धुवून निघतो. गोएथाइटच्या स्फटिकातच लोहाच्या जागी बसलेले अ‍ॅल्युमिनियम कितीही धुतले, कितीही बारीक दळले, तरी सुटत नाही. दोन डंपांची लोहाची टक्केवारी अगदी सारखी असूनही एक धुतल्यावर सुधारतो आणि दुसरा सुधारत नाही, याचे कारण बहुतेक वेळा येथे सापडते.

आता भट्टी. गोव्यात हे काम डिचोली तालुक्यातच, मांडवीच्या काठी आमोणे येथे चालते, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे. तेथील पिग आयर्नचा, म्हणजे झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाचा, कारखाना १९९०च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. खनिज निर्यात करणाऱ्या गोव्यात धातूच तयार करण्याचा तो महत्त्वाचा प्रयत्न होता. झोतभट्टीत चुरा थेट टाकला तर तो वायूची वाट अडवतो, म्हणून त्याचे सिंटर करावे लागते. चुऱ्यात कोकची भुकटी आणि चुनखडी मिसळून त्याचा थर चालत्या जाळीवर पसरतात, वरून पेटवतात आणि खालून हवा ओढतात. सुमारे १३०० अंश सेल्सिअसला कण कडेकडेने वितळून एकमेकांस चिकटतात, बांधलेले पाणी उडून जाते आणि सच्छिद्र, टणक ढेकळे तयार होतात. कोक मात्र गोव्याच्या मातीतून मिळत नाही. त्याचा दगडी कोळसा समुद्रमार्गे येतो. ज्या बंदरातून गोव्याचे खनिज बाहेर जाते, त्याच बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि वास्को शहरात त्याच्या धुळीवरून वाद होतात.

भट्टीच्या तळाशी नळ्यांतून तापवलेली हवा आत येते, कोक जळून प्रथम कार्बन डायऑक्साइड आणि लगेच जादा तप्त कोकच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या भागात तापमान २००० अंशांच्या आसपास असते. वर चढणारा कार्बन मोनॉक्साइड वरून उतरणाऱ्या खनिजाचे टप्प्याटप्प्याने क्षपण करतो, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून घेतो. हेमॅटाइटचे मॅग्नेटाइट होते, मॅग्नेटाइटचे वुस्टाइट, आणि शेवटी धातुरूप लोह. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते, पण कोकमधील सुमारे ४ टक्के कार्बन त्यात विरघळल्याने ते १२०० अंशांच्या खालीही द्रव राहू शकते. झोतभट्टीतून बाहेर पडणारे लोखंड ठिसूळ असते आणि ओतकामास उत्तम ठरते, या दोन्ही गोष्टींचे मूळ या कार्बनमध्ये आहे.

अ‍ॅल्युमिनाची वर्तणूक येथे लोहापेक्षा अगदी वेगळी आहे. कार्बन मोनॉक्साइड त्याला हातही लावू शकत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे बंध इतके पक्के आहेत की झोतभट्टीच्या परिस्थितीत त्याचे क्षपण होतच नाही (म्हणूनच अ‍ॅल्युमिनियमसाठी विद्युत अपघटनाची स्वतंत्र वाट धरावी लागते). सिलिकाचा थोडा अंश तरी क्षपित होऊन सिलिकॉनच्या रूपाने लोखंडात उतरतो आणि ओतकामाला तो हवाच असतो. अ‍ॅल्युमिना मात्र संपूर्णपणे धातुमळीत, म्हणजे लोखंडापासून वेगळ्या होणाऱ्या वितळलेल्या अशुद्धीत, जातो. मळीत त्याचे प्रमाण वाढले की ती काकवीसारखी घट्ट होते, भट्टीतून नीट वाहत नाही, लोखंडापासून स्वच्छ वेगळी होत नाही आणि गंधक काढून घेण्याची तिची क्षमताही घटते. भारतीय खनिजातच अ‍ॅल्युमिना जास्त असल्याने येथील भट्ट्यांच्या मळीत त्याचे प्रमाण १८ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. तिला पातळ ठेवण्यासाठी डोलोमाइटमधून मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचे ऑक्साइड) पुरवावा लागतो. सिंटरमध्येही अ‍ॅल्युमिना वाढला की भट्टीच्या वरच्या भागात, क्षपण सुरू होतानाच, ढेकळे भुगा होऊ लागतात.

याचा हिशेब एक टन पिग आयर्नवर मांडू. त्यात सुमारे ९४० किलो लोह लागते. ६३ टक्के लोह, ३ टक्के सिलिका आणि अडीच टक्के अ‍ॅल्युमिना असलेले खनिज घेतले तर १४९० किलो पुरते. आपले धुतलेले ५७ टक्क्यांचे खनिज १६५० किलो लागेल. केवळ वजनाकडे पाहिले तर फरक जेमतेम ११ टक्क्यांचा आहे, आणि डंपचे समर्थक बहुधा येथेच थांबतात. पुढे गेल्यावर चित्र बदलते. पहिल्या खनिजाबरोबर सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मिळून सुमारे ८० किलो भट्टीत जातात, तर दुसऱ्याबरोबर १८० किलो. अ‍ॅल्युमिना तर ३७ वरून ८२ किलोवर, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. जादा सिलिकाशी संयोग पावण्यासाठी आणखी सुमारे १०० किलो चुनखडी लागते. एकंदरीत प्रत्येक टनामागे सुमारे १६० किलो मळी वाढते, ती वितळवायला कोक जळतो, आणि तेवढ्या वेळात भट्टी लोखंड कमी देते. कोक हा भट्टीतील सर्वांत महाग पदार्थ असल्याने स्वस्त खनिजाने वाचवलेला पैसा बहुधा तेथे खर्च होतो.

दुसऱ्या टोकाला पाहिले, तर त्याच एका टनासाठी डंपमधील जवळजवळ ३ टन माल उकरावा लागतो आणि १.३५ टन गाळ उरतो. हा गाळ ओला, अतिशय बारीक आणि लवकर न बसणारा असतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात त्याला सुरक्षित ठेवायला बांध, सांडवा आणि मोकळी जमीन लागते. डिचोलीत या तिन्हींतील शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे. डंपवर मुळे धरलेला अकेशिया काढून उतार उघडा केला की धूप पहिल्याच पावसात सुरू होते, आणि तिचा भार खालची भाताची वायंगण (पावसाळ्यानंतरच्या पिकाची) शेती आणि ओहोळ यांच्यावर पडतो. खर्चाच्या तक्त्यात हा रकाना बहुधा रिकामा असतो.

मग डंपमधील लोह निरुपयोगीच आहे काय? तसे मुळीच नाही. आमोण्यासारख्या भट्टीत असा माल संपूर्ण खाद्य म्हणून न वापरता चांगल्या खनिजाबरोबर मर्यादित प्रमाणात मिसळला, तर मळीचा ताळेबंद बिघडत नाही. चिनी कारखान्यांनी गोव्याच्या चुऱ्याचे नेमके हेच केले होते. शिवाय ओतकामासाठीच्या पिग आयर्नची मागणी जवळच आहे. कोल्हापूर आणि बेळगाव येथील फाउंड्र्यांमध्ये ते भंगाराबरोबर वितळवून वाहनांचे, पंपांचे आणि यंत्रांचे बिडाचे भाग ओतले जातात, आणि चोर्ला किंवा आंबोली घाटाने डिचोलीहून ही दोन्ही शहरे काही तासांच्या अंतरावर आहेत. भंगारात कोणता धातू किती मिसळला आहे याची खात्री नसते, पिग आयर्नची असते, म्हणून फाउंड्रीवाले त्याला जादा भाव देतात. फॉस्फरसवर मात्र त्यांचे बारीक लक्ष असते, कारण झोतभट्टीत जाणारा जवळजवळ सर्व फॉस्फरस लोखंडातच उतरतो, मळी तो घेत नाही. डंपच्या मालाची तपासणी करताना हा आकडा विसरून चालत नाही. वाढलेली मळीही पूर्ण वाया जात नाही. ती पाण्याच्या झोतात एकदम थंड केली की काचेसारखी दाणेदार होते आणि दळून सिमेंटमध्ये वापरता येते. भट्टीच्या माथ्यावरून निघणाऱ्या वायूत उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर हवा तापवणारे स्टोव्ह चालतात आणि वीजही तयार होते. या सर्व गोष्टी एकाच आवारात असल्या, तरच हलक्या खनिजाचा हिशेब जमतो. नुसता चुरा जहाजात भरून पाठवायचा असेल, तर पिग आयर्न, मळी, वायू यांपासून मिळणारा लाभ दुसऱ्या देशाचा आणि १.३५ टन गाळ आपला, अशी विभागणी होते.

म्हणून असा डंप उचलण्याच्या परवानगीपूर्वी मागायची माहिती आज मागितली जाते तिच्यापेक्षा वेगळी असावी, असे वाटते. डंपच्या पृष्ठभागावरून घेतलेले नमुने पुरेसे नाहीत. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळा माल ओतला गेल्याने तळापर्यंत छिद्रे पाडून दर दोन-तीन मीटरला नमुना घ्यावा लागेल. प्रत्येक नमुन्यात लोहाबरोबर सिलिका, अ‍ॅल्युमिना, फॉस्फरस आणि तापवल्यावर होणारी वजनातील घट मोजावी, आणि क्ष-किरण विवर्तनाने अ‍ॅल्युमिना चिकणमातीत आहे की गोएथाइटमध्ये, हे ठरवावे. धुण्याची चाचणी पाच-दहा किलोंवर न करता काही टनांवर करावी, आणि तिच्यात मिळालेला गाळ किती दिवसांत बसतो, तेही नोंदवावे. अ‍ॅल्युमिना मुख्यत्वे चिकणमातीत असेल आणि गाळासाठी लीज क्षेत्रातच, शक्य तर उपसून संपलेल्या खंदकात जागा असेल, तर डंप उचलणे योग्य ठरेल. अ‍ॅल्युमिना गोएथाइटमध्ये अडकलेला असेल, तर लोहाची टक्केवारी कितीही आकर्षक दिसली तरी डंपला हात लावू नये. अशा ठिकाणी पैसा खर्च करायचा तो पायथ्याची दगडी भिंत, उतारावरील चर आणि पावसाळ्यापूर्वी उपसलेले गाळाचे खड्डे यांवर करावा, आणि अकेशियाच्या जागी हळूहळू स्थानिक झाडे लावावीत.